सर्व्हर, क्लस्टर आणि बॅकअप

परका शब्द कानाच्या सवयीचा झाला म्हणजे त्याचा अर्थही कळला, असे आपण समजतो. 'सर्व्हर' हा तसाच शब्द. मागेल त्याला मागितलेले पुरविणारा संगणक तो सर्व्हर. घरातील फोन किंवा दूरचित्रवाणी संच हा मागणारा, म्हणजे क्लायंट. चित्रपट अडखळू नये म्हणून क्लायंट पुढचा थोडा भाग आधीच साठवितो; तो साठा म्हणजे बफर.

एकच सर्व्हर हजारो प्रेक्षकांना पुरा पडत नाही. म्हणून अनेक संगणक जोडून एकाच कामाला जुंपतात. हा क्लस्टर, त्यातील प्रत्येक संगणक हा नोड. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेला 'परम ८०००' याच न्यायाने चाले : अनेक लहान प्रक्रियकांना काम वाटून द्यावयाचे.

ही वाटणी करणारा तो लोड बॅलन्सर. एक नोड बंद पडताच त्याचे काम दुसऱ्याने उचलणे, हे फेलओव्हर. वाटेत गाडी बिघडली की दुसरी गाडी उतारू घेऊन जाते, हे एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेच्या दापोडीत कोणाला सांगावयास नको.

शेवटच्या जोडीत मात्र घोटाळा होतो. रेप्लिकेशनमध्ये एका नोडवरील मजकूर दुसऱ्यावर आपोआप उमटतो; पण चुकून पुसलेलेही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पुसले जाते! वेगळी ठेवलेली, आधीच्या तारखेची प्रत म्हणजे बॅकअप. व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे, घरची छायाचित्रे जपावयाची असतील, तर 'प्रती किती' एवढे विचारून भागत नाही. 'वेगळी प्रत कोठे आहे' हेही विचारले पाहिजे.