बर्फावरची बारीक ओळ

बर्फाच्या उतारावरून एकाच फळीवर आडवं उभं राहून सरसर खाली येणारा माणूस आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. त्या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. पाहताना आपलं सगळं लक्ष असतं त्या माणसावर. तो पुढे निघून गेला, की मागे बर्फात काय उरलं याकडे आपण बघत नाही. आज मला बोलायचं आहे ते त्या मागे उरलेल्या खुणेविषयी. या खेळातलं एक अवघड आणि फार देखणं कसब आहे, त्याला कार्व्हिंग म्हणतात. ते ओळखायचं, तर खूणच बघावी लागते.

कार्व्ह करणं म्हणजे कोरणं. नवशिका माणूस वळतो तेव्हा फळीचं मागचं टोक झटक्यानं बाजूला फेकतो. फळी आडवी होते आणि बर्फ खरवडत, फरफटत खाली जाते. मागे हातभर रुंद, पुसट पट्टा उरतो. कार्व्हिंग करणाऱ्याची खूण अगदी वेगळी असते. पेन्सिलीनं काढावी तशी एकच बारीक ओळ, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लपेट घेत गेलेली. फळीचं पुढचं टोक ज्या रेषेतून गेलं, बरोबर त्याच रेषेतून मागचं टोकही गेलेलं असतं. शेतीच्या भाषेत सांगायचं, तर पहिली खूण कुळवाची आणि दुसरी नांगराच्या तासाची. कुळव माती वरवर खरवडतो, नांगराचा फाळ मातीत शिरून आपली वाट धरतो.

हा फरक मी पहिल्यांदा नीट पाहिला तो औलीला, २०२२ च्या फेब्रुवारीत. बर्फातल्या खेळांसाठी आपल्याकडे गुलमर्गचं नाव घेतलं जातं. त्या मानानं औली लहान. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वरच्या अंगाला, साधारण अडीच हजार ते तीन हजार मीटर उंचीवरचा हा उतार. समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर. इंडो-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंग शिकवणारी संस्था इथेच आहे. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा बर्फाच्या मैदानातले खेळ डेहराडूनला आणि उतारावरचे खेळ औलीला झाले. माझा भाचा स्नोबोर्ड शिकायला निघाला होता, त्याच्याबरोबर मी गेलो. आयुष्यभर ओळींशीच व्यवहार केलेला माणूस मी. तेव्हा पोरं फळ्यांकडे बघत होती आणि माझी नजर त्यांच्या मागच्या रेघांवर खिळली होती.

एक पोरगा अर्धा उतार पट्टा पुसत येतो आणि दुसरा बारीक रेघ कोरत येतो, असं का होतं? याचं निम्मं उत्तर फळीच्या घडणीत आहे.

स्नोबोर्ड लांबून सरळ फळीसारखा दिसतो, पण तो सरळ नसतो. त्याला कंबर असते. साधारण दीड मीटर लांबीच्या फळीची रुंदी दोन्ही टोकांजवळ २९-३० सेंटिमीटर असेल, तर मधोमध ती २५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे दोन्ही कडा आत वळलेल्या असतात. या आतल्या बाकाला साइडकट म्हणतात. हा बाक एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. नेहमीच्या वापरातल्या फळीत या वर्तुळाची त्रिज्या आठ मीटरच्या आगेमागे असते. दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी बसवलेली असते आणि सुताराच्या पटाशीसारखी तिलाही वेळोवेळी धार लावावी लागते.

हा बाक काम कसा करतो, ते घरच्या घरी बघता येतं. वीतभर लांबीची जाड कागदाची पट्टी घ्या. तिची एक लांब कड कात्रीनं किंचित आत वळणारी कापा. आता ही कापलेली कड टेबलावर टेकवून पट्टी तिरकी धरा. फक्त दोन टोकं टेकतील, मध्ये फट राहील. ती फट मिटेपर्यंत पट्टीचा मध्य बोटानं दाबा. पट्टी वाकते आणि तिची कड टेबलावर एक कमान रेखते. पट्टी आणखी उभी करून दाबा, कमान आणखी आखूड होईल. कार्व्हिंगचं सगळं गणित एवढंच आहे. फळी कडेवर कलती करायची, वर आपलं वजन असतंच. फळी वाकते आणि त्या कमानीच्या वाटेनं धावू लागते. तिला वळवावं लागत नाही.

थोडे आकडे सांगतो, कारण त्यांत एक गंमत आहे. कठीण बर्फावर आठ मीटर त्रिज्येची फळी ४५ अंशांत कलती केली, तर वळणाची त्रिज्या साडेपाच-पावणेसहा मीटरवर येते. ६० अंशांत केली तर चारच मीटर. पण एवढं झुकून माणूस पडत का नाही? घाटातल्या वळणावर मोटारसायकलवाला आत झुकतो आणि पडत नाही, त्याच कारणानं. वेग त्याला वळणाच्या बाहेर ओढत असतो, झुकणं त्याला आत ओढतं, आणि दोहोंचा तोल जमतो. सपाट जागेच्या ढोबळ हिशेबानं आपल्या या फळीवर ४५ अंशांचा तोल जमायला ताशी सत्तावीसेक किलोमीटर वेग हवा. त्या वेळी पायांवर आपल्या वजनाच्या जवळजवळ १.४ पट भार येतो. ६० अंशांचा तोल ताशी तीसेक किलोमीटरला जमतो, पण भार थेट दुप्पट होतो. वेग जेमतेम तीन किलोमीटरनं वाढला आणि मांड्यांना मात्र दुसरा माणूस खांद्यावर घेतल्यासारखं झालं! उतारावरून लीलया येणारी ही माणसं खाली पोचल्यावर गुडघ्यांवर हात टेकून का धापा टाकतात, ते यावरून कळावं.

उरलेलं निम्मं उत्तर माणसाच्या मनात आहे. उतार समोर दिसला, की शरीर आपोआप मागे रेलतं, डोंगराच्या बाजूला. भीतीच ती. मग वजन मागच्या पायावर जातं, पुढचं टोक हलकं होतं, कड बर्फात रुतत नाही आणि फळी फरफटते. फरफटणं हा एक प्रकारे ब्रेकच आहे आणि तो शिकावाच लागतो. गर्दीत थांबायला, चढ्या उताराला दुसरा उपाय नाही. पण सगळी वळणं ब्रेक दाबतच घेतली, तर कडेवर विसंबणं कधीच येत नाही. तिथला शिकवणारा मुलगा जोशीमठच्या बाजूचाच होता. माझा भाचा खांदे फिरवून फळी वळवायला बघत होता, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भैया, बोर्ड को घुमाओ मत, लिटाओ. मुड़ेगा वो ख़ुद." फिरवू नकोस, कुशीवर ने, वळायचं तिचं ती वळेल.

कुशीवर नेण्याच्याही दोन तऱ्हा आहेत, कारण माणूस फळीवर आडवा उभा असतो. एक चवड्याची कड, दुसरी टाचेची. चवड्यांवर वळताना गुडघे आणि घोटे वाकवून नडग्या बुटांच्या जिभेवर रेटायच्या. छाती उताराकडे जाते. टाचांवर वळताना अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं. पाठ उताराकडे जाते. बहुतेकांची टाचेची ओळ आधी बिघडते. खरी परीक्षा मात्र एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्याच्या क्षणी असते. तेव्हा फळी निमिषभर सपाट होते, नाक थेट दरीकडे होतं, वेग वाढतो आणि आधाराला कुठलीच कड नसते. तेवढा क्षण शांतपणे जाऊ द्यायचा आणि पुढची कड लावायची. भाचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाला, "मामू, वळण सोपं आहे. दोन वळणांच्या मधलं अवघड आहे." यमकापेक्षा दोन कडव्यांमधली जागा अवघड असते, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मी मान डोलावली.

आता मुद्दा लहान डोंगराचा. गुलमर्गची कीर्ती आहे खोल, भुसभुशीत बर्फासाठी. तिथला गोंडोला जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. अशा भुसभुशीत बर्फात फळी तरंगते, तिची कड टेकायला काही कठीण लागतच नाही. तिथली मजा मोठी, पण ती निराळी. ओळ कोरायला हवा यंत्रानं दाबून सारखा केलेला, घट्ट बर्फ आणि बेताचा, रुंद उतार. तोच तो उतार, दिवसातून वीस वेळा. औलीसारखी लहान जागा हे देते. गवयाला रियाजाची खोली लागते, तसं हे.

या खेळाचा इतिहासही लहान टेकड्यांचाच आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्किगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थानं घरातल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्यातून 'स्नर्फर' नावाचं खेळणं निघालं. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यानं व्हर्माँट राज्यात फळ्या बनवायला सुरुवात केली. मोठी स्की केंद्रं तेव्हा फळीवाल्यांना दारात उभं करत नव्हती. १९८२ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती व्हर्माँटमधल्याच 'सुइसाइड सिक्स' या टेकडीवर. नाव भयंकर, पण उतार वरपासून खालपर्यंत जेमतेम दोनशे मीटरचा. २०२२ मध्ये ते नाव बदलून तिचं 'सॅस्काडेना सिक्स' झालं. तिथून सोळा वर्षांनी, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डचा समावेश झाला. त्यातली जायंट स्लालम ही शर्यत म्हणजे कार्व्हिंगचीच कसोटी, कारण फळी जितकी फरफटेल तितका वेळ जातो. झेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्कानं २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीची सुपर-जी आणि स्नोबोर्डची समांतर जायंट स्लालम अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. कड धरायची कला एकच, हे तिनं दाखवून दिलं.

मोठ्या शिखरांवरचं कसब असं लहान टेकड्यांवर तयार होतं. आणि नेमकी हीच जागा आधी धोक्यात येते. हवेचा एक साधा हिशेब आहे. दर हजार मीटर चढलं, की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजेच हवा एका अंशानं तापली, तर पाऊस कुठे आणि बर्फ कुठे हे ठरवणारी रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. गुलमर्गच्या माथ्याला त्याची झळ उशिरा लागेल. औलीचा पायथा आणि माथा यांतलं अंतर मात्र पाचशे मीटरच आहे. त्यातले दीडशे एका अंशात जातात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात इथे बर्फ आणतात. ते उशिरा आले किंवा उबदार आले, की उतारावर गवत दिसू लागतं. बर्फ तयार करणारी यंत्रं असतात. पण त्यांनाही पाणी लागतं आणि साधारण उणे दोन अंशांच्या खालची थंडी लागते. थंडीच नसेल तर यंत्र काय करणार?

२०२३ च्या फेब्रुवारीत औलीला ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत खाली जोशीमठची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले, माणसांना घरं सोडावी लागली आणि जोशीमठहून औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवे बंद झाला. २०२५ मध्ये तर गुलमर्गच्याही खेलो इंडिया स्पर्धा बर्फासाठी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. स्पर्धा पुढे ढकलता येते. चौदा वर्षांच्या पोराचा हिवाळा पुढे ढकलता येत नाही. एक हिवाळा कोरडा गेला, तर त्याची कड वर्षभर बोथट राहते, आणि त्याला शिकवणाऱ्याची त्या वर्षाची कमाई जाते.

आपल्यापैकी कुणी हिवाळ्यात अशा एखाद्या लहान उतारावर गेलंच, तर नंदादेवीचा फोटो जरूर काढावा. पण सकाळी लवकर, बर्फ अजून घट्ट असताना, गर्दी व्हायच्या आधी उताराच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं. पुसट पट्टे पुष्कळ दिसतील. त्यांत एखादी बारीक, अखंड ओळ दिसते का, ते बघावं. दिसली, तर इतकं समजावं की इथे अजून बर्फ पडतो आणि इथलं कुणीतरी पोर अजून शिकतं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)