अभिजाताचे परीक्षण

ग्रीक शोकांतिका जन्मली तीच परीक्षकांसमोर. अथेन्समध्ये दरवर्षी दिओनिसोस देवाच्या वसंतोत्सवात तीन नाटककार स्पर्धेला उतरत. प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि त्यांच्या जोडीला एक हलकेफुलके सॅटिर-नाट्य होई, आणि नागरिकांतून निवडलेले परीक्षक क्रमांक देत. इ.स.पू. 431 मध्ये ‘मेडिआ’ सादर करणारा युरिपिडिस तिघांत तिसरा आला. पहिला आला एस्किलसचा मुलगा युफोरिऑन, दुसरा सोफोक्लिस. इ.स.पू. 415 मध्ये ‘ट्रोजन स्त्रिया’ असलेल्या त्याच्या संचालाही पहिले बक्षीस मिळाले नाही. ते झेनोक्लिसने नेले आणि त्याची ती नाटके आज उरलेलीही नाहीत. आपण मात्र ही नाटके हाती घेतो ती निकाल आधीच लागला आहे असे मानून. परिचयात्मक लेखांत थोरवी सांगितली जाते, कथानक सांगितले जाते, नियतीचा उल्लेख होतो आणि लेख संपतो. अभिजात कृतीचेही नव्या नाटकासारखे रोखठोक परीक्षण झाले पाहिजे आणि त्यातूनच तिचे मोठेपण खऱ्या अर्थाने कळते, हे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अडीच हजार वर्षांनी निवाडा दिला आहे, आपण कोण नव्याने तपासणारे? पण हा निवाडा कसा लागला ते पाहावे. सोफोक्लिसने सुमारे 120 नाटके लिहिली, त्यांतली सात पूर्ण उरली. एस्किलसच्या नावावरही सातच आहेत, आणि त्यांतल्या ‘प्रोमेथ्यूस’च्या लेखकत्वाबद्दल शंका आहे. युरिपिडिसच्या नावावरच्या एकोणीस नाटकांपैकी दहा शिकवण्यासाठी निवडलेल्या संचातून आली. उरलेली नऊ टिकली ती त्याच्या समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या प्रतीचा एक भाग वाचला म्हणून. ‘हेलन’, ‘इलेक्ट्रा’, ‘आयॉन’ आपल्यापर्यंत पोहोचली यात गुणवत्तेपेक्षा शीर्षकाच्या आद्याक्षराचा वाटा मोठा आहे. काळाच्या चाळणीला अशी भोके असतील, तर निवड आणि मूल्यमापन ही वाचकाची जबाबदारी उरतेच.

असे परीक्षण कसे करायचे, याचा धडा ‘मेडिआ’च देते. ॲरिस्टॉटलने या नाटकावर दोन ठिकाणी बोट ठेवले: अथेन्सचा राजा एजिअस कारणावाचून मध्येच येतो, आणि शेवट कथानकातून न निघता रथाच्या यंत्राने होतो. पहिला दोष वरवर पाहता खराच आहे. एजिअस डेल्फीहून परतताना कोरिंथमध्ये नेमका त्याच वेळी उगवतो. पण तो डेल्फीला कशासाठी गेला होता? त्याला मूल नाही, म्हणून. त्याच्या येण्याआधी मेडिआ सांगते की ती राजा, राजकन्या आणि तिच्यासाठी आपल्याला सोडणारा नवरा जेसन यांना ठार करणार. मुलांबद्दल दाईच्या मनात भीती असते, पण मुलांना मारण्याचा बेत मेडिआ प्रथम बोलून दाखवते ती एजिअस आश्रयाचे वचन देऊन गेल्यावर. निपुत्रिक राजाची तळमळ पाहिल्यावर जेसनला कुठे मारले म्हणजे तो कायमचा मोडेल, हे तिला उमगले असावे. नाटककाराने हा दुवा उघड सांगितलेला नाही, तो प्रसंगांच्या क्रमात ठेवला आहे. म्हणून एजिअसचे आगमन सैल असले तरी त्याचे काम अचूक आहे, असा निवाडा मी देईन. रथाबाबत ॲरिस्टॉटलशी माझा मतभेद अधिक स्पष्ट आहे. जिथे एरवी देव प्रकट होतात त्या उंचीवर मेडिआ मुलांची प्रेते घेऊन उभी राहते, आणि खाली उभ्या जेसनला त्यांना स्पर्शही करू देत नाही. आता तिला शिक्षा करणारे कोणी नाही, आणि तिला आसरा देणार आहे प्रेक्षकांचेच अथेन्स. इतका अस्वस्थ करणारा शेवट कथानकाच्या सोयीसाठी आणलेला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजची मूल्ये त्या काळावर लादू नयेत. पण त्या काळाची मूल्ये तरी एकजिनसी कुठे होती? फ्रिनिकस या नाटककाराने मिलेटस या ग्रीक शहराच्या पाडावावर नाटक केले, प्रेक्षक रडले आणि स्वतःच्याच दुःखाची आठवण करून दिली म्हणून त्याला 1000 द्राख्मा दंड झाला, असे हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसने पर्शियनांवरच्या सालामिसच्या विजयाला आठच वर्षे झाली असताना ‘पर्शियन’ रचले. ते घडते शत्रूच्या राजधानीत, आणि त्यातला विलाप शत्रूचा आहे. पर्शियनांशी स्वतः लढलेल्या कवीने हे केले. त्यात अथेन्सचा अभिमान किती आणि शत्रूबद्दलची कणव किती, हा वाद आजचा वाचक लादत नाही. तो नाटकातच आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. या नाटकांचे संगीत आणि वृंदाचे नृत्य जवळजवळ सगळे हरपले आहे. वाचताना वृंदगीते लांबलेली वाटली, तर तो निकाल परीक्षकाने राखूनच ठेवावा. रचना, युक्तिवाद, पात्रांचे निर्णय यांबद्दल मात्र बोलायला पुरेसा पुरावा समोर आहे.

मराठी वाचकाकडे साधने आहेत. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले, सोफोक्लिसचा ‘राजा ओयदिपौस’ पु. ल. देशपांड्यांनी. ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, पटेल तिथे दाद द्यावी आणि खटकेल तिथे कारणासह लिहावे. अथेन्सच्या परीक्षकांनी ‘मेडिआ’च्या संचाला तिसरा क्रमांक दिला, आपण पहिला देऊ शकतो, पण तो नाटक तपासूनच द्यावा.