वाट कुठं फुटते? लोणंदला!

एका दमात पाठ करून बघा: जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. माउलींच्या पालखीची ही जेजुरीपासूनची वाट. वारकरी ती झोपेतही म्हणेल. बाकीच्यांची गाडी बहुधा बरडपाशीच अडते.

आता यात पुणे-मिरज रेल्वे घाला. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद तिलाही लागतात. मात्र लोणंदहून पालखी पूर्वेला फलटणकडे वळते आणि मिरजेची गाडी सालपे, आदर्की, वाठार करत दक्षिणेला साताऱ्याकडे निघते. दोनदा वाचावं लागलं ना? मग कागदावर दोन रेघा ओढा. लोणंदपर्यंत जोडीनं, तिथून एक उजवीकडे, एक खाली. झालं! लोणंद आणि तरडगावच्या मधे चांदोबाच्या लिंबापाशी होणारं वारीतलं पहिलं उभं रिंगण गाठायचं असेल तर गाडीतून लोणंदलाच उतरायला हवं, हेही त्या रेघा न बोलता सांगतात.

हर्बर्ट सायमन (होय, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) आणि जिल लार्किन यांनी १९८७ मध्ये नेमकं हेच मांडलं. मजकुरात जे हुडकावं लागतं, ते आकृतीत एकमेकांच्या शेजारीच बसलेलं असतं. त्यांच्या निबंधाचं शीर्षक साधारण असं, की एक आकृती दहा हजार शब्दांच्या तोलाची. पण मध्येच कंसात ‘कधी कधी’! शास्त्रज्ञांचा हा सावधपणा मला भारी आवडतो.

नुसती ओळख पटवायची असेल, तर चित्राला तोड नाही. १९६७ मध्ये रॉजर शेपर्ड यांनी लोकांना सहाशेवर चित्रं दाखवली. मग एक पाहिलेलं, एक नवं अशी जोडी समोर ठेवून ‘यातलं कोणतं पाहिलंय?’ असं विचारलं. सुमारे ९७ टक्के उत्तरं बरोबर! शब्दांच्या बाबतीत हाच आकडा ८८च्या आसपास. पुढं १९७३ मध्ये कॅनडातल्या लायोनेल स्टँडिंग यांनी पाच दिवसांत दहा हजार चित्रं दाखवली, तरी ८३ टक्के उत्तरं बरोबर आली.

आपल्या निवडणूक आयोगाला मात्र या प्रयोगांची वाट बघायला वेळ नव्हता. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह.

‘मेंदू चित्र मजकुरापेक्षा ६० हजार पट वेगानं वाचतो’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा मात्र खुशाल पुसून टाका. त्याच्यामागं कुठलाही अभ्यास सापडत नाही. ‘आमचा बंड्या चित्रं बघूनच शिकणारा’ हेही तसंच. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. मुलांचे असे गट पाडून वेगवेगळं शिकवावं, याला पुरेसा पुरावा निघाला नाही. चित्र नीट असेल तर ते बंड्यालाही उपयोगी आणि त्याच्या बहिणीलाही.

नीट म्हणजे कसं? रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत नावं आकृतीतल्या भागांशेजारी लिहिली की मुलांना जास्त समजलं. आकृती वर आणि ‘अ, ब, क म्हणजे काय’ ते खाली, ही गाइडवाल्यांची आवडती पद्धत म्हणजे डोळ्यांना नुसती हेलपाट्याची शिक्षा. धड्याच्या कोपऱ्यातलं हसरं फुलपाखरू गोड दिसतं, पण प्रकाशसंश्लेषण समजायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि चित्रकला यायलाच हवी असंही नाही. २०१६ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लोकांना काही शब्द लिहायला आणि काही शब्दांची चित्रं काढायला दिली. चित्रं काढलेले शब्द जास्त आठवले. अगदी चार सेकंदांत खरडलेलं चित्र असलं, तरीसुद्धा. तेव्हा पेन घ्या आणि लोणंदपासून वाखरीपर्यंतची वाट स्वतःच काढा. वाकडी आली तरी चालेल.