वेल्डिंगने सांगाडा वाकडा का होतो?

विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी शर्यतीच्या मोटारी बनवतात. अशा मोटारीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. नळ्या गुण्यात धरून जोडल्या तरी तो वाकू शकतो. मग चाके सरळ बसत नाहीत. असे का होते, ते आपण पाहू.

सांध्यापाशी पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. लगतचा तापून मऊ झालेला भाग पसरू पाहतो, पण भोवतालचे थंड पोलाद त्याला अडवते. तो तिथेच दबतो. निवताना मात्र आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी सर्व सांध्यांना टाके मारतात, मग समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून जोडतात. ओढीला ओढ तोलते.

ग्रिलच्या दुकानात मुलांना हे दाखवता येईल. मात्र वेल्डिंगच्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये.