शिडाच्या होडीने लॉर्ड हाऊ बेटावर



मी अजून समुद्र पाहिला नाही. पण गुरुजींनी नकाशात एक बेट दाखवले, अगदी मोहरीएवढे. त्याचे नाव लॉर्ड हाऊ. ते ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर भर समुद्रात आहे. लांबी फक्त ११ किलोमीटर.

तिथे विमान जाते. पण काही लोक मुद्दाम शिडाच्या होडीने जातात. वारा चांगला असला तरी तीन-एक दिवस लागतात. होडी रात्रीही चालूच असते, म्हणून पाळीपाळीने जागावे लागते. बेटाजवळ प्रवाळाची भिंत आहे. तिच्यातल्या ठरलेल्या वाटेनेच आत शिरायचे, नाहीतर होडी फुटायची! आत मात्र पाणी शांत असते.

बेटावर माउंट गॉवर हा ८७५ मीटर उंच डोंगर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त. वाटाड्या बरोबर घेऊन, दोर धरून चढतात. वर गेल्यावर मोठ्याने हाका मारल्या की पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी आकाशातून खाली येऊन पायाशी बसतात. त्यांना माणसाची भीतीच नाही.

पण या भोळेपणानेच घात झाला. १९१८ साली माकाम्बो नावाची बोट तिथे खडकावर अडकली. तिच्यातले काळे उंदीर बेटावर उतरले. त्यांनी अंडी व पिल्ले खाल्ली. पाच जातींचे पक्षी कायमचे संपले. हाताच्या पंजाएवढा एक काडीकिडा होता, तोही दिसेना. २००१ साली तो जवळच्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर, एका झुडपाखाली सापडला. तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला!

२०१९ साली बेटावर उंदीर मारायची मोठी मोहीम झाली. तिथे वुडहेन नावाची न उडणारी कोंबडीसारखी पाखरे आहेत. ती विष खाऊन मरू नयेत म्हणून आधी पकडून पिंजऱ्यात सांभाळली व मग सोडली. तरी २०२१ साली पुन्हा उंदीर दिसले. परत शोधाशोध करावी लागली. म्हणून तिथे वास घेणारे कुत्रे ठेवले आहेत. ते आलेले सामान हुंगून उंदीर शोधतात.

आमच्या कणगीत उंदीर शिरला तर मांजर आहे. त्या पाखरांना कोण होते?

मी मोठा झालो की त्या बेटावर जाणार. पण होडीत बसायच्या आधी माझी पिशवी उलटी करून झटकणार.

— इयत्ता चौथी