टाळीला वळतो, म्हणजे ऐकू येतं?

कालच्या एपिसोडमधला हा भाग बऱ्याच जणांनी लिहून मागितला, म्हणून थोडा आवरून देतोय.

माझा भाचा दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. आजी मागून टाळी वाजवायची, तो वळायचा. दार आपटलं की दचकायचा. त्यामुळे चिखलीतलं आमचं सगळं घर निर्धास्त. शेवटी ताईने हट्टाने बेरा तपासणी करून घेतली. बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानापासून मेंदूकडे जाणारा सिग्नल बघतात. दोन्ही कानांत दोष निघाला.

गोम अशी, की टाळी, दार, ट्रकचा हॉर्न हे मोठे आवाज. साधं बोलणं मीटरभरावरून साधारण 60 डेसिबल. त्यातही स, श, फ फारच हलके आणि उंच पट्टीतले. त्यामुळे दणका पोचतो, शब्द नाही. जगभरातला हिशोब 1-3-6 चा आहे: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आम्ही वर्षभर मागे. (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, ते ऐकण्याचा दोषही बघतं. मोफत.)

आणि मशीन लावलं की झालं, असंही नाही. ते कुकर, पंखा, टीव्ही, जवळजवळ सगळंच मोठं करतं. चाकणला प्रेस शॉपमध्ये दिवसभर इअरप्लग घालणारे दाजी आता घरी आले की आधी टीव्ही बंद करतात, मग त्याच्या अगदी जवळ बसून बोलतात. अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. फुकटातलं अपग्रेड!

गेल्या आठवड्यात तो 'ससा' म्हणाला. आधी नुसतं 'आ-आ' होतं.