माळवदाला झालेली शिक्षा

किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं कधीच उलटली. तरी दर ३० सप्टेंबरला कुणीतरी लिहितंच, ‘मातीच्या घरांनी माणसं मारली.’ यंदा आमच्या गल्लीतलं शेवटचं माळवद घरकुलासाठी पाडलं, तेव्हा हेच वाक्य पुन्हा कानावर आलं. म्हणून हा हिशेब.

भूकंपाआधीच्या पिढ्यांच्या माळवदांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, लाकडी खांब, तुळया, किलचन, वर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी नवी भर. घर थंड असे, त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं.

१९९३ ची ती पहाट गणपती विसर्जनानंतरची. सुमारे आठ हजार माणसं गेली. भिंती पडल्या हे खरंच. पण त्या गोल दगडांच्या दोन तोंडांच्या होत्या, मध्ये नुसता भराव, दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर वर्षानुवर्षं चढलेल्या मातीचं ओझं. कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्या, लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. हे तेव्हाच्या पाहणी अहवालांतही आहे. पण मला आठवतं, एका बैठकीत छत हलकं करून, आरपार दगड घालून जुनी घरं वाचवण्याचा विषय निघाला, तर शहरातून आलेले साहेब म्हणाले, ‘मातीचं नाव काढू नका.’ भीतीनं अर्धमेल्या लोकांना तेच हवं होतं. बावन्न गावं नव्या जागी गेली. इतरांनी दुरुस्तीच्या अनुदानातून वाड्यापुढे सिमेंटची खोली उठवली. पुढची दहा वर्षं ज्याच्याकडे स्लॅब, त्याच्या पोराला आधी मुलगी मिळे!

गमावलं काय, ते उन्हाळ्यानं शिकवलं. जाड भिंतीत शिरलेलं दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाई. तोवर बाहेर गारवा आणि छतातलं साणं उघडं. पाच इंची स्लॅब तीच उष्णता काही तासांत खाली सोडतो, म्हणजे नेमकी अंथरूण घालायच्या वेळेला. शिवाय चिकणमातीचे कण दमट हवेतली वाफ शोषतात आणि हवा कोरडी झाली की परत देतात. ती ओल उडताना उष्णता घेऊन जाते. लिटरभर पाण्यामागे सुमारे २४०० किलोज्यूल. शेणानं सारवलेल्या भिंतीला हे जमायचं, कारण तिची छिद्रं उघडी होती. पुढे हौसेनं त्याच भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला. आतली ओल कोंडली, माती भुसभुशीत झाली, गिलावा पोपडे धरून सुटला. दोष पुन्हा मातीलाच.

सरकारी पाहणीत मातीची भिंत आजही ‘कच्ची’. घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं. कूलर आणि त्याचं वीजबिल लाभार्थ्यानं आपलं आपण बघायचं.